‘शिवा त्रयी’चा समारोप : प्रश्नाकडून प्रतिशोधाकडे

प्रस्तावना :
मराठी कादंबरीच्या आरंभकाळात ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी आपला वाचकवर्ग घडविला. संकटे, वियोग आणि अखेरीस सज्जनांचे मीलन हा त्यांचा ठरलेला क्रम होता. शेवट काय होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असे, त्यामुळे अपेक्षाभंगाला फारसा वाव नव्हता. अनेक खंडांत विस्तारलेल्या आधुनिक अद्भुतरम्य कादंबरीचे तसे नाही. प्रत्येक खंड वाचकाच्या मनात एक प्रश्न ठेवून संपतो आणि त्या सर्व प्रश्नांचे ओझे शेवटच्या खंडावर येते. मुंबईत जन्मलेल्या अमीश त्रिपाठी यांची मूळ इंग्रजीतील ‘शिवा त्रयी’ मराठी अनुवादातूनही मोठ्या प्रमाणावर वाचली गेली. ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ (२०१०) व ‘द सीक्रेट ऑफ द नागाज’ (२०११) या पहिल्या दोन खंडांनी निर्माण केलेली अपेक्षा ‘द ओथ ऑफ द वायुपुत्राज’ (२०१३) या अखेरच्या खंडाने पूर्ण केली नाही, अशी भावना अनेक वाचकांनी व्यक्त केली. या अपेक्षाभंगाचे नेमके कारण शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मालिकेचे आशयसूत्र :
या त्रयीतील शिव हा तिबेटमधून मेलुहात आलेला एका टोळीचा प्रमुख आहे. सोमरस प्राशन केल्याने त्याचा कंठ निळा होतो आणि मेलुहावासी त्याला आपला तारणहार मानू लागतात. दुष्टत्वाचा नाश हे त्याचे नियत कार्य ठरते. परंतु दुष्ट कोण, याचे उत्तर सतत बदलत राहते. आधी चंद्रवंशी दोषी वाटतात, मग नाग. शेवटी दीर्घायुष्य देणारा सोमरसच दोषी ठरतो. त्याच्या निर्मितीत सरस्वतीचे पाणी आटते, त्याच्या विषारी अवशेषांमुळे दूरच्या ब्रंग देशात रोगराई पसरते आणि विकृत शरीराची बालके जन्माला येतात. काली व गणेश ही त्या किमतीची जिवंत रूपे होत.

बहुतांना हितकर असलेली गोष्ट इतरांच्या जिवावर उठते तेव्हा तिला चांगले म्हणावे की वाईट, हा या मालिकेचा खरा प्रश्न आहे. गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाच्या कालव्यांवर धान पिकविणाऱ्या आपल्या परिसरातील विद्यार्थ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. धरण झाले की कुणाचे शेत भिजते आणि कुणाचे बुडते, हे त्याला घरच्या बोलण्यातूनच कळलेले असते. पौराणिक वेषातील ही कथा त्याला जवळची वाटते, याचे एक कारण हेच असावे.

अखेरच्या खंडातील सांधेबदल :
शेवटच्या खंडात या प्रश्नाची उकल आरंभीच, बृहस्पतीच्या प्रदीर्घ विवेचनातून होते. त्यानंतर उरते ती युद्धाची जुळवाजुळव : सैन्ये, नौका, व्यूह, प्रवास. सोमरस कल्याणकारीच आहे असे प्रामाणिकपणे मानणारे महर्षी भृगू हे समर्थ प्रतिपक्षी या खंडात आहेत. निष्ठेपोटी मेलुहाच्या बाजूने उभा राहणारा पर्वतेश्वरही आहे. त्याचे द्वंद्व हा या खंडातील सर्वांत सरस भाग म्हणावा लागेल. तथापि, कथानकाचा कळसाध्याय या वैचारिक संघर्षातून उद्भवत नाही. दक्षाच्या क्षुद्र कारस्थानातून सतीचा वध होतो आणि शोकसंतप्त शिव पाशुपतास्त्राने देवगिरी नगरी नष्ट करतो. सतीच्या अखेरच्या झुंजीचे वर्णन प्रभावी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या क्षणी मालिकेचे कार्यकारणसूत्र तुटते. नगरी भस्मसात होते ती पत्नीच्या वधामुळे. सोमरसाचा प्रश्न तेथे निमित्तमात्र उरतो.

येथे असा आक्षेप संभवतो की, सतीचा मृत्यू पुराणकथेनेच ठरवून दिलेला आहे. लेखक तो टाळणार कसा? हा आक्षेप रास्त असला तरी पुरेसा नाही. दक्षयज्ञाच्या मूळ कथेत शिवाचा अवमान, सतीचे देहविसर्जन आणि शिवाचा कोप हे एकाच सूत्रात ओवलेले आहेत. शिवाय ती कथा विध्वंसावर थांबत नाही. दक्षाला बोकडाचे शिर लावून पुन्हा जिवंत केले जाते आणि यज्ञ पूर्ण होतो. कोपानंतरची ही पुनःस्थापना कादंबरीने गमावली आहे. भरतमुनींनी नाट्याच्या पाच संधींपैकी शेवटच्या निर्वहण संधीकडून विखुरलेल्या सर्व अर्थांचे एकत्रीकरण अपेक्षिले आहे. येथे मात्र सोमरसाचे सूत्र आणि सतीवधाचे सूत्र शेवटपर्यंत समांतर राहतात.

महाभारतकारांनी युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व लिहिले. जिंकलेल्यांना हरलेल्यांचा विलाप ऐकावा लागला. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) विजयामागील हीच पोकळी मराठी वाचकांपुढे नव्याने मांडली. ‘वायुपुत्राज’मध्ये युद्धाच्या तयारीला जितकी पाने मिळतात, तितकी नगरनाशानंतरच्या विचाराला मिळत नाहीत. किंमत कुणी मोजली, हे विचारत निघालेली कथा स्वतःच्या नायकाला तो प्रश्न पुरेशा कठोरपणे विचारत नाही.

निष्कर्ष :
या खंडाविषयीची नाराजी केवळ आवडत्या पात्राच्या मृत्यूची किंवा लांबलेल्या वर्णनांची नाही. वाचक तीन वर्षे एका नैतिक प्रश्नासोबत चालला आणि मुक्कामी त्याच्या हाती प्रतिशोध आला. तरीही पहिल्या दोन खंडांनी उभा केलेला प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. अभ्यासवर्गात ही त्रयी वाचताना तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे अनुत्तरित म्हणूनच ठेवावा आणि देवगिरीच्या बाजूनेही कथा सांगून पाहावी. शेवटच्या खंडात राहून गेलेले स्त्रीपर्व कदाचित त्यांना तेथे सापडेल.