मोडण्याआधी टिपलेला स्फटिक

शोधनिबंध हा माहितीसाठी वाचायचा, रसासाठी नव्हे, असा आपल्याकडे समज आहे. मला तो मान्य नाही. 2014 साली 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस' या नियतकालिकात मायकेल सवाया, डेव्हिड आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सहा पानांचा एक निबंध आला. चांगली बंदिश ऐकावी तसा तो मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे.

निबंधाचा नायक आहे क्राय-3ए नावाचं प्रथिन. मातीत राहणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू ते तयार करतो आणि आपल्या पेशीतच त्याचा स्फटिक करून साठवतो. जालन्याच्या वाचकाला हे घराणं परकं नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात 'महिको' सुरू केली आणि याच कंपनीच्या तीन बीटी कपाशी वाणांना मार्च 2002 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्या कपाशीत उतरवलेलं प्रथिन क्राय-1एसी. ते बोंडअळीसाठी, तर क्राय-3ए भुंगेऱ्यांसाठी. पण बांधणीने दोघं सख्खी भावंडं. पिशवीचा भाव, 2017 सालची गुलाबी बोंडअळी, हातचं गेलेलं पीक यांवर आपल्या गावागावांत रास्तच बोलणं झालं. त्या प्रथिनाचा आकार कसा आहे, यावर मात्र कधी झालं नाही.

आकार कळतो क्ष-किरणांनी. स्फटिकावर किरण सोडायचे, विखुरलेल्या किरणांचे ठिपके टिपायचे आणि त्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या. अडचण अशी, की जे किरण रूप दाखवतात तेच रूप मोडतात. स्फटिकाला भिडणाऱ्या किरणांपैकी थोडेच ठिपक्यांच्या कामी येतात. बहुतेक शोषले जातात, अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात आणि ते इलेक्ट्रॉन वाटेत आणखी शेकडो इलेक्ट्रॉन मोकळे करतात. या माऱ्यात सगळे बंध सारखे तुटत नाहीत. आधी जातात गंधकाच्या दोन अणूंना जोडणारे डायसल्फाइड बंध, मग आम्लधर्मी शाखांच्या टोकांतून कार्बन डायऑक्साइड निसटतो. हळूहळू सगळी रचना सैल पडते आणि ठिपके विझू लागतात. ब्लेक आणि फिलिप्स यांनी 1962 मध्येच मायोग्लोबिनच्या स्फटिकांवर ही झीज मोजली होती. पुढे स्फटिक उणे 173 अंशांपर्यंत गोठवायची रीत आली आणि त्यांचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं. तरी मर्यादा राहिलीच. एल्स्पेथ गारमन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ती शोषलेल्या किरणांच्या मापात 3 कोटी ग्रे अशी ठरवली. माणसाच्या अंगभर 5 ग्रे पडले तरी जीव जाऊ शकतो, हे लक्षात घेतलं की या आकड्याची धग कळते.

सवाया आणि मंडळींच्या कामातलं सौंदर्य इथेच सुरू होतं. कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरचा झोत मोजके फेम्टोसेकंदच टिकतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या कोटीव्या भागाचा पुन्हा दहा कोटीवा भाग. त्यात प्रचंड ऊर्जा भरलेली असते आणि स्फटिकाची वाफ होणं अटळ असतं. पण अणू जागचे हलायच्या आत ठिपके टिपून झालेले असतात. रिचर्ड नॉइट्झे आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हे गणिताने दाखवलं होतं. इजा टाळायची धडपड सोडून तिच्या आधी पोचायचं, ही कल्पनाच मला थोर वाटते. प्रत्येक स्फटिक एकदाच वापरायचा, म्हणून असंख्य स्फटिक लागतात आणि असंख्य ठिपके-चित्रं जुळवावी लागतात.

या गटाने आणखी एक पाऊल टाकलं. स्फटिक पेशीतून काढलेच नाहीत. अख्खे जिवाणू द्रवाच्या बारीक धारेतून झोतासमोर सोडले. पेशीतल्या बाकी पसाऱ्याने ठिपके झाकोळतील, ही भीती खोटी ठरली. उत्तम चित्रं वेगळ्या काढलेल्या स्फटिकांइतकीच स्पष्ट निघाली आणि 2.9 अँगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाईची रचना हाती आली. गोठवणं नाही, पेशीतून काढणं नाही. जिवाणूने रचलं तसंच.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र निबंधाच्या सारांशातच आहे. झोत लागला त्या क्षणी पेशी अखंड होती की नाही हे स्पष्ट नाही, असं लेखक स्वतःच सांगतात. मग जोडून देतात, की धारेच्या तोंडातून निघाल्यापासून झोत लागेपर्यंत जेमतेम 5 मायक्रोसेकंद जातात. म्हणून ही रचना जिवंत पेशीतल्यासारखी मानता येईल. एवढ्या मोठ्या दाव्याच्या दारातच शंका उभी करायची आणि तिचं उत्तर मोजमापाने द्यायचं! हा संयम मला त्या लेझरइतकाच मोलाचा वाटतो. निबंधात उणीवही आहे. क्राय-3एची रचना केंब्रिजच्या ली, कॅरोल आणि एलर यांनी 1991 मध्येच 2.5 अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली होती, म्हणजे अधिक बारकाईने. नवा आकार दाखवणं हे या निबंधाचं यश नव्हे, वाट दाखवणं हे आहे.

त्या 1991 च्या रचनेत प्रथिनाचे तीन भाग दिसतात. पहिल्यात सात मळसूत्री दांड्यांचा जुडगा आहे, एक मधोमध आणि सहा भोवती. अळीच्या आतड्याच्या भिंतीत शिरून भोक पाडण्याचं काम याच भागाचं. क्राय-1एसीचाही विषारी गाभा असाच आहे. त्याच्या जिवाणूतल्या स्फटिकाला डायसल्फाइड बंधांनी बांधून ठेवलेलं असतं, म्हणजे किरणांनी सर्वांत आधी तुटणाऱ्याच बंधांनी.

जालना-बदनापूरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे: प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर 1डीएलसी हा क्रमांक रोमन अक्षरांत टाका आणि क्राय-3एची ही 1991 ची रचना मुलांना मोबाइलवर फिरवून दाखवा. तिला पैसे पडत नाहीत.