‘स्टॉर्म’ : एका वादळाचे चरित्र

हिमवादळाचा माग काढण्यातली रंगत वर्गात पोचवायची तर जॉर्ज स्ट्यूअर्ट यांची ‘स्टॉर्म’ (1941) ही इंग्रजी कादंबरी उपयोगी पडेल. पॅसिफिकवर उठलेले वादळ नकाशावर टिपणारा तरुण हवामानतज्ज्ञ मनाशी त्याला ‘मराया’ म्हणतो. बारा दिवस, बारा प्रकरणे. जहाजांकडून येणारी निरीक्षणे, समदाब रेषा, अंदाज. आणि कॅलिफोर्नियातील डॉनर खिंडीत रात्री बर्फ हटवून रस्ता चालू ठेवणारे कामगार. अंदाजावर माणसे अवलंबून असतात, हे इथे पटते.

मात्र वादळ जन्मते, वाढते, मरते, या रूपकामुळे ते एक सजीव वस्तूच वाटू लागते. वास्तविक त्यातली हवा सतत बदलत असते. टिकते ती रचना. नदीतला भोवरा दाखवून शिक्षकांनी हा फरक जरूर स्पष्ट करावा.