शंभूची भीती कुणाला दिसते?

चित्रकथांमधल्या शिकारी शंभूचे डोळे आपण कधी पाहिलेले नाहीत. खाकी पोशाख, झुबकेदार मिशी, हातात बंदूक आणि नाकापर्यंत ओढलेली शिकाऱ्याची टोपी. चित्रकथेत भीती दाखवायची सगळ्यात सोपी जागा डोळे. चित्रकार वसंत हळबे यांनी ती जागाच झाकून टाकली. मग भीती शंभूच्या गुडघ्यांत उतरली, मिशीच्या टोकांत उतरली, हवेत उडालेल्या बुटांत उतरली. लेखकाला हवी होती ती सोय यातून मिळाली. लांबून पाहणाऱ्या गावकऱ्याला हा माणूस निश्चल उभा दिसतो आणि जवळून पाहणाऱ्या वाचकाला तो थिजलेला दिसतो. उभं राहणं तेच असतं.

हा लेखक म्हणजे लुईस फर्नांडिस. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९८० मध्ये मुंबईतून ‘टिंकल’ हे मुलांचं चित्रकथांचं मासिक सुरू झालं, त्या संपादकीय चमूतले ते एक महत्त्वाचे गृहस्थ. कालिया कावळा त्यांनी प्रदीप साठे यांच्यासोबत घडवला आणि १९८३ मध्ये हळब्यांसोबत शंभू. हळबे, साठे, सुपंडी रेखाटणारे राम वाईरकर ही नावं निदान चित्रांच्या ओढीनं आठवली जातात. संहिता लिहिणाऱ्याचं नाव मात्र वाचक ओलांडून जातो. मला हे फार लागतं. चित्रकथेचा लेखक जे लिहितो त्यातलं बहुतेक छापलंच जात नाही. कोण कुठे उभा आहे, कुणाची पाठ कुणाकडे आहे, कुठली गोष्ट कुणाच्या नजरेआड ठेवायची, हे सगळं तो चित्रकारासाठी लिहितो. फुग्यांतले संवाद हा त्याच्या कामाचा उरलेला, दिसणारा भाग.

फर्नांडिसांच्या संहितांचा कणा मला एकाच गोष्टीत दिसतो: कथेत कुणाला काय माहीत आहे. शंभूच्या बहुतेक कथा अशा चालतात. कुठल्यातरी गावात वाघ किंवा बिबट्या शिरलेला असतो आणि बोलावणं शंभूला येतं. त्याला झोप हवी असते, जेवण हवं असतं, घर सोडायचं नसतं. पण नावलौकिक त्याला जंगलात ढकलतो. तिथे तो पळतो, झाडावर चढतो, फांदी मोडते, खाली जनावर असतं. मग गावकरी येतात. ते नेहमी एक चौकट उशिरा येतात. पळापळ त्यांना दिसत नाही, दिसतो तो फक्त परिणाम. सगळा विनोद त्या एका चौकटीच्या उशिरावर तोललेला आहे. गावकरी थोडे लवकर पोचले असते तर शंभू भेकड ठरला असता आणि कथा तिथेच संपली असती.

शिवाय एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला १९७२ मध्ये आणि पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. म्हणजे शंभू जन्मला तेव्हा शिकारीची सद्दी संपून दशक उलटलं होतं. माझ्या वाचनातल्या कथांमध्ये त्याच्या बंदुकीनं एकही जनावर मेलेलं नाही. जनावरं पकडली जातात, तीही अपघातानं. शिकारकथांचा सगळा सरंजाम वापरून फर्नांडिसांनी शिकार वजा केली. हळब्यांनंतर शंभू सॅव्हियो मस्कारेन्हस यांच्या हाती आला आणि पुढे तर तो उघडउघड प्राण्यांचा कैवारी झाला. हा बदल खटकत नाही, कारण मुळातच त्याच्या हातून रक्त सांडलं नव्हतं.

इथे जर्मनीतल्या गार्चिंगमध्ये मराठी घरांतली मुलं दिवसभर जर्मनमध्ये बोलतात आणि सुट्टीवरून येताना सामानात ‘टिंकल’चे जुने संग्रह आणतात. इंग्रजी अजून धड न वाचणारं मूलही शंभूच्या पानावर नेमक्या चौकटीला हसतं. जर्मन वाचकांना ए. ओ. प्लाउएन यांचे ‘बाप आणि मुलगा’ ठाऊक आहेत. १९३४ पासून बर्लिनच्या साप्ताहिकात आलेली ती चित्रमालिका जवळजवळ शब्दांविना चालते. शंभूच्या कथेत शब्द भरपूर आहेत, तरी तिचा गाभा तसाच शब्दांविना पोचतो. संवाद झाकून पान वाचून पाहा. कोण फसलंय आणि कोण नाही, हे कळतं.

कालियाची रचना उलटी आहे. चमाटका कोल्हा आणि डूब डूब मगर बेत शिजवतात, कीचू-मीचू हे ससे नाहीतर शोनार हरीण त्यांचं भक्ष्य व्हायचं असतं. कावळा वर फांदीवर असतो, ऐकतो आणि सूत्रं हलवतो. हरीण, कावळा आणि कोल्हा हे त्रिकूट आपल्याला हितोपदेशापासून ओळखीचं. तिथेही हरणाला सोडवतो तो कावळाच. साठे यांचं जंगल देखणं आहे आणि वाचताना मजाही येते. पण मी कालियाला शंभूच्या खाली ठेवतो. सगळं माहीत असलेला नायक वाचकाचं काम स्वतःच करून टाकतो. तिथे जीव ओततो तो चमाटका, कारण पुन्हा पुन्हा फसूनही त्याचा उत्साह खचत नाही. त्याच मासिकातला तंत्री मंत्री याच जातीचा. राजा हुजाला संपवण्याचे त्याचे बेत त्याच्यावरच उलटतात आणि राजा त्याला निष्ठावान समजत राहतो. फ्रान्समध्ये रने गोसिनी यांनी इझ्नोगुद या वजिराकडून १९६२ पासून असंच काम करून घेतलं होतं.

शंभूची गोष्ट दुसऱ्यांदा मी शेवटाकडून वाचतो. जनावर अडकलं ते दोरीत, तर ती दोरी आधी कुठे दिसली होती? खड्ड्यात पडलं, तर खड्डा कुणी आणि कशासाठी खणला? बऱ्याचदा उत्तर आधीच्या एखाद्या चौकटीच्या कोपऱ्यात सापडतं, शंभू जांभई देत असताना किंवा दुसरंच काही बोलत असताना. गावकरी ज्याला शौर्य म्हणतात आणि शंभू ज्याला नशीब म्हणतो, ते लेखकानं दोन पानं आधी मांडून ठेवलेलं असतं.