बंद खोलीतील मराठी : उपनगरांतील ध्वनिमुद्रणगृहे आणि उच्चाराचा प्रश्न

प्रमाण मराठीच्या उच्चाराचा प्रश्न निघाला म्हणजे आपले अभ्यासक अद्यापि पुण्याकडे बोट दाखवितात. शाळा, रंगभूमी आणि आकाशवाणी ही उच्चाराची पीठे होत, असे गृहीत धरून चालण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर आज जी मराठी कानी पडते, तिचा बराचसा भाग अंधेरी, गोरेगाव, मालाड या पट्ट्यातील बंद खोल्यांतून बाहेर पडलेला असतो. उच्चार मान्य की अमान्य याचा निवाडा तेथे घटकाघटकाला होत असतो, आणि तो करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी मोरो केशव दामल्यांचे नाव ऐकलेले असते. भाषेच्या अभ्यासकाने या खोल्यांकडे लक्ष द्यावयास हवे, ते याकरिता.

विद्यार्थ्यांना घेऊन अशा स्थळांना भेटी देण्याची प्रथा अनेक विभागांत आहे. पण त्या भेटींचे वृत्तांत पाहिले तर ते बहुधा यंत्रांची नावे, पडद्याचा आकार आणि एखाद्या प्रसिद्ध गायकाने कोठे उभे राहून गायिले एवढे सांगून संपतात. तेथे बोलले काय गेले, हे त्यांत नसते. गेल्या काही वर्षांत अंधेरी व गोरेगाव येथील चार-पाच लहानमोठ्या ध्वनिमुद्रणगृहांत मला विद्यार्थ्यांसह बसावयास मिळाले. त्या निरीक्षणांच्या आधारे ही उणीव अंशतः भरून काढण्याचा येथे प्रयत्न आहे. या स्थळांची नावे देण्याचे मी टाळले आहे, कारण दोष कोणा एका संस्थेचा नसून व्यवहाराचा आहे.

उपनगरांचा आणि ध्वनीचा संबंध जुना आहे. १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज स्थापन झाली, तेव्हा सभोवार शेते आणि झाडी होती. त्या काळी चित्रण आणि ध्वनिलेखन एकाच वेळी होत असे. शांत जागा ही चैनीची बाब नसून भांडवलाचाच भाग होती. ‘अछूत कन्या’ (१९३६) या चित्रपटात देविका राणी आणि अशोककुमार यांनी आपली गीते स्वतःच गायिली. त्यांचे गाणे कच्चे असेल. परंतु बोलणारा गळा आणि गाणारा गळा एकच असल्यामुळे उच्चारात फाट पडत नसे. पुढे १९४३ मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान, १९५८ मध्ये आंबोलीला फिल्मालय, १९७७ मध्ये गोरेगावचीच चित्रनगरी अशी साखळी तयार झाली. दरम्यान शेते गेली. पार्श्वगायनाने गळा आणि देह वेगळे केले होतेच. साठोत्तर काळात हलका पण खडखडणारा ॲरिफ्लेक्स कॅमेरा सर्रास वापरात आला आणि चित्रणस्थळी बोललेले शब्द निरुपयोगी ठरू लागले. मग संवाद नंतर, बंद खोलीत, पडद्यावरील ओठ पाहत बोलावयाचे, हा नियमच होऊन बसला. फितीच्या तुकड्याची टोके जोडून तो फिरता ठेवीत आणि नट तेच वाक्य पुनःपुन्हा म्हणे. आता फीत गेली आणि संगणक आला. म्हणण्याची रीत तीच राहिली.

उच्चाराबाबत या व्यवसायाला पर्वा नव्हती असे मात्र नव्हे. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लोकलच्या प्रवासात दिलीपकुमार यांनी मराठी माणसांच्या उर्दू उच्चाराला वरणभाताचा वास येतो अशा अर्थाचा शेरा मारला आणि त्यानंतर आपण शिक्षक ठेवून उर्दू शिकलो, ही हकीकत लता मंगेशकर यांनी स्वतः सांगितलेली आहे. क़, ख़, ग़ यांच्यासाठी त्या व्यवसायाने आग्रह धरला आणि एका असामान्य गायिकेने तो पुरा केला. हिंदीउर्दूतील एका नुक्त्यासाठी ध्वनिमुद्रण थांबविता येते. मराठीतील ‘च’साठी ते थांबल्याचे मी पाहिलेले नाही.

हा ‘च’चा मुद्दा जरा विस्ताराने मांडणे अवश्य आहे. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन उच्चार आहेत: ‘चार’मधला तालव्य, ‘चारा’मधला दंत्य. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, ही जोडी आपण पहिल्याच वर्षी वर्गात सांगतो. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो केवळ कानाने चालत आलेला आहे. आता ध्वनिमुद्रणगृहात काय घडते ते पाहा. मी पाहिलेल्या ठिकाणी संहिता कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत लिहिलेली असे. बोलणारा कलावंत अनेकदा सकाळी हिंदी, दुपारी मराठी अशा पाळीने काम करणारा असतो. हिंदीत दंत्य ‘च’ नाहीच. परिणामी ‘चूल’, ‘चोर’, ‘चाक’ हे शब्द तालव्य होऊन बाहेर पडतात, आणि काचेच्या पलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकास त्यात काही वावगे वाटत नाही. त्यात यंत्राची भर पडते. ‘स’चा शीळेसारखा त्रास कमी करण्यासाठी ‘डी-एसर’ नावाची योजना लावतात. ती साधारणतः ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यातील जोर दाबते. दंत्य ‘च’च्या सुटीतील घर्षणाचा जोर तालव्यापेक्षा वरच्या पट्ट्यात असतो. म्हणजे जो थोडा दंत्य ‘च’ मुळात नीट उच्चारला गेला असेल, त्याचीही धार या चाळणीत बोथट होण्याचा संभव राहतो. यंत्र भाषेचा द्वेष करीत नाही हे खरे. परंतु ते कोणत्या ध्वनीला दोष समजते, हे त्याला कोणीतरी सांगितलेले असते.

खोलीच्या रचनेविषयी थोडे सांगितले पाहिजे. अंधेरीतील अनेक ध्वनिमुद्रणगृहे औद्योगिक वसाहतींत आहेत. शेजारी छापखाना किंवा सुटे भाग बनविणारा कारखाना, आणि भिंतीआड ही शांतता. खोलीत दुसरी खोली बांधतात. आतली जमीन रबराच्या ठोकळ्यांवर तरंगती ठेवतात. दोन दारांमध्ये हवेचा कप्पा असतो. भिंती समांतर ठेवीत नाहीत. वातानुकूलनाच्या नळ्या मुद्दाम रुंद करतात, म्हणजे हवा सावकाश वाहते आणि फुसफुसत नाही. वीरा देसाई रस्त्यावर २००५ मध्ये उघडलेल्या यशराज स्टुडिओसारख्या मोठ्या वास्तूत हे प्रशस्तपणे होते, तर लहान ठिकाणी आठ बाय आठच्या जागेत जमेल तसे. विमाने उतरावयास येतात, वर्सोवा–घाटकोपर मेट्रो २०१४ पासून धावते; आत काही ऐकू येत नाही. या कारागिरीविषयी मला नितांत आदर आहे. आत गेल्यावर पहिली काही मिनिटे आपल्याच रक्ताची गती ऐकू येते. या शांततेत माणूस कसा बोलतो, हा प्रश्न मात्र रचनाकाराचा नव्हे, आपला आहे.

तो तोंडापासून वीतभर अंतरावरील मायक्रोफोनशी बोलतो. शेताच्या बांधावरून हाक मारणारा, बाजारात घासाघीस करणारा, चाळीच्या गॅलरीतून खाली ओरडणारा असे सर्व आवाज त्याच वीतभर अंतरात बसवावे लागतात. हाक मारताना मराठी शब्दाचा शेवटचा स्वर लांबतो, सुराची चढण वेगळी होते. खोलीत ही चढण उसनी आणावी लागते आणि ती कलावंतागणिक एकाच साच्याची येते. मग यंत्रचालक तिच्यामागे पक्षी, वारा, बैलगाडी घालतो. बैलगाडी खरी असते.

याहून गंभीर प्रश्न बोलीचा आहे. एका ध्वनिमुद्रणात दिग्दर्शकाने कलावंतास ‘जरा गावरान करा’ अशी सूचना दिली. कलावंताने क्षणात ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘ग्येला’ सुरू केले आणि काम संमत झाले. ज्या पात्रासाठी हे चालले होते ते संहितेनुसार विदर्भातील होते. वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो, ‘जाऊन राहिला’ असा क्रियापदाचा खास प्रयोग आहे. त्यातले काहीच आले नाही. सातारा-कोल्हापूरकडील चारदोन लकबी घेऊन बनविलेली ही ‘गावरान’ मराठी कोणत्याही गावची नाही. तमाशापटांनी ती रूढ केली, आणि नंतरच्या ध्वनिमुद्रणाने तिला कायमचा परवाना दिला. कारण चित्रणस्थळी नटाच्या तोंडून बोली निसटून आलीच, तरी बंद खोलीत ती पुन्हा ‘नीट’ करून घेता येते.

येथे अनुवादकाची बाजूही तपासली पाहिजे. हिंदीतून मराठीत संवाद आणताना ओठांच्या हालचाली जुळवाव्या लागतात, म्हणून मराठी कृत्रिम होते, असे समर्थन नेहमी ऐकावयास मिळते. ते अंशतःच खरे आहे. ‘मैं जा रहा हूँ’ यात पाच अक्षरावयव. ‘मी जातोय’ यात तीनच. मराठी वाक्य आधी संपते आणि पडद्यावरचे ओठ हलत राहतात. म्हणून ‘मी जातो आहे’ असे पुस्तकी रूप येते. अडचण खरी आहे. परंतु ‘हा मी निघालो’ यातही पाचच अवयव आहेत आणि घरातला माणूस तसेच बोलतो. आता दुसरे उदाहरण घ्या. ‘मेरी मदद करो’ याचे ‘माझी मदत करा’ असे भाषांतर आज सर्वत्र रुळले आहे. ‘मला मदत करा’ यातही सहाच अवयव, आरंभी तोच ओष्ठ्य ‘म’, अखेरीस तोच विवृत ओठ. ओठांनी येथे काहीच अडविलेले नाही. अडविले आहे ते घाईने आणि कानाच्या सवयीने. ज्या दोषास तांत्रिक कारण नाही, त्याला तंत्राची ढाल देणे समीक्षेने थांबविले पाहिजे.

अनुवादित वाक्य बोलीचा नमुना म्हणून घ्यावयाचे, ही चूक आपल्या शास्त्रालाही परकी नाही, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीत (मराठीचा सातवा खंड, १९०५) प्रत्येक बोलीसाठी बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर मागविले होते, आणि १९१३ नंतर त्या पाहणीच्या जोडीने ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार झाल्या. परंतु ग्रिअर्सनला धोका ठाऊक होता. त्याने भाषांतरासोबत त्या त्या स्थळीच निवडलेला दुसरा नमुनाही मागविला. अंधेरीतील अनुवादाला असा दुसरा नमुना नाही.

चित्रणसमयीच ध्वनिलेखन करण्याची पद्धत परत आल्यामुळे सारे सुधारेल, असा आशावाद ‘लगान’ (२००१) नंतर व्यक्त झाला. त्या चित्रपटाचे ध्वनिलेखन भूजजवळ प्रत्यक्ष चित्रणस्थळी झाले आणि नकुल कामते व एच. श्रीधर यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील श्वास खरे आहेत, धाप खरी आहे. भाषा मात्र अवधीच्या वळणाने रचलेली, शहरी नटांनी शिकून घेतलेली आहे आणि गाव काल्पनिक. म्हणजे जागेवर केलेले ध्वनिलेखन जागेची बोली देईलच असे नाही. तिच्यासाठी आधी बोलणारा माणूस निवडावा लागतो. ‘सैराट’ (२०१६) मध्ये करमाळ्याकडील बोलणे सबंध महाराष्ट्राने ऐकले, ते मुख्यतः नागराज मंजुळे यांनी त्या मातीतील मुलांना उभे केले म्हणून. त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी वाद्यवृंद हॉलिवुडच्या ध्वनिमुद्रणगृहात बसविला गेला, हा तपशील मला उद्बोधक वाटतो: संगीत सातासमुद्रापार जाऊन यावे आणि बोली करमाळ्यातच राहावी, यात कसलाही विरोध नाही. ध्वनिमुद्रणगृहाचा विवेकी उपयोग कोणता, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आकाशवाणीची गोष्ट थोडी वेगळी. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीचे केंद्र बोरिवलीत गोराई रस्त्यावर आहे. ती सेवा हिंदीची, परंतु उच्चाराची परीक्षा घेऊन मग माणसाला मायक्रोफोनसमोर बसविण्याची आकाशवाणीची शिस्त खाजगी ध्वनिमुद्रणगृहांनी उचलण्याजोगी आहे. त्या शिस्तीने बोलीही गाळल्या, हा तिचा दोष वेगळा मांडता येईल.

शेवटी एक स्थळवर्णन. वर्सोव्याला सात बंगल्यांच्या पलीकडे कोळीवाडा आहे. तेथील जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो: पानी, डोला, ‘कोळी’ हे नावसुद्धा त्यांच्या तोंडी ‘कोली’ असते. गोराई, मढ, मरोळ येथील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या मराठीचीही अशीच स्वतंत्र वळणे आहेत. अत्यंत संवेदनक्षम मायक्रोफोन येथून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर दिवसरात्र चालू असतात. ही बोली त्यांच्यापर्यंत पोहोचते ती बहुधा कोळीगीतापुरती, आणि तेव्हाही गाणारा बाहेरचा असण्याचा संभव अधिक. डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने महाराष्ट्रातील मराठी बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने गोळा करून सर्वांस ऐकण्यासाठी खुले केले आहेत. घाटगे यांनी १९६० नंतर कुडाळी, वारली इत्यादी बोलींच्या ज्या पाहण्या पुस्तकरूपाने दिल्या, त्यांना आता आवाज लाभला, असे म्हणावयास हरकत नाही. संवादलेखकाने वा दिग्दर्शकाने काम सुरू करण्यापूर्वी त्यातला आपल्या पात्राच्या तालुक्याचा नमुना अर्धा तास ऐकला, तर ‘जरा गावरान करा’ ही सूचना त्याच्या तोंडून निघणार नाही. आमच्या विभागातील दोन विद्यार्थी या वर्षी वर्सोव्याच्या मासळी बाजारात ध्वनिलेखन करीत आहेत. बर्फ फोडण्याचा आवाज मध्ये मध्ये येतो. तो काढू नका, असे मी त्यांना सांगितले आहे.