खेळ, आई आणि अंगण : ग्रामीण मातांच्या ‘सक्षमीकरणा’ची एक चिकित्सा

प्रस्तावना

पूर्वप्राथमिक शिक्षणाविषयीच्या अलीकडील शासकीय लेखनात ‘माता सक्षमीकरण’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून औपचारिक रचनेत आणला. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि खेळ हे शिकण्याचे मुख्य माध्यम असल्याचे त्यात स्पष्टपणे मान्य झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळणी, कोडी, बाहुल्या व चित्रपत्रांची पेटी प्रकाशात आली; त्याच वर्षी मे महिन्यात ‘पोषण भी, पढाई भी’ हा अंगणवाडीसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात मेळावे भरू लागले, गावोगावी माता गट स्थापन झाले आणि मुलांकडून घरी करून घ्यावयाच्या कृतींची कार्डे मातांच्या हाती पडली.

या सर्व प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. चार-पाच वर्षांच्या मुलाला पाटी-पेन्सिलीला जखडून ठेवण्यापेक्षा खेळू द्यावे, हे राज्यसंस्थेने उघडपणे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप उद्दिष्टाला नसून त्यामागील गृहीतकाला आहे. ग्रामीण आई ही खेळाबाबत अजाण असून तिला खेळ ‘शिकवला’ की ती सक्षम होईल, असे हे गृहीतक आहे. ते कोठून आले आणि त्यामुळे कोणती जबाबदारी कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर सरकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘अंगणवाडी’ या शब्दातील आई

गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यापुढील प्रश्न साधा पण अवघड होता. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी, बालमंदिर सुस्थित घरांसाठी, आणि वारली पाड्यावरचे मूल तर बालवाडीपर्यंत येतच नव्हते. यातून मुलाच्या अंगणातच बालवाडी भरविण्याची कल्पना निघाली. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे नाव मिळाले.

‘अंगणवाडी’ या शब्दाचे सामर्थ्य त्यातील ‘अंगण’ या पदात आहे. अंगण हे घराचे असते. तेथे धान्य वाळते, भांडी घासली जातात, शेजारणी बोलत बसतात. तेथे भरणारी बालवाडी आईच्या नजरेच्या टप्प्यात असते. तिला वगळून ती भरूच शकत नाही. अर्थात कोसबाडच्या प्रयोगाचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. मुलांच्या आंघोळीपासून आणि स्वच्छतेपासून प्रारंभ करणाऱ्या त्या दृष्टीत आदिवासी आईकडे, सुधारावयाची व्यक्ती म्हणून पाहण्याचा सूर होताच. तो त्या काळाचा होता. तरीही शिक्षिका तिच्या दारी जात होती, तिला केंद्रावर बोलावत नव्हती, हा फरक महत्त्वाचा आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. योजनेने शब्द उचलला. अंगण मात्र मागे राहिले. हळूहळू अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक सेविका, एक मदतनीस आणि अनेक नोंदवह्या असे तिचे रूप स्थिरावले. योजनेच्या सहा सेवांमध्ये आईचे स्थान कोठे आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. गरोदर व स्तनदा माता म्हणून ती पूरक आहाराची लाभार्थी आहे. पंधरा ते पंचेचाळीस वयोगटातील स्त्री म्हणून ती पोषण व आरोग्य शिक्षणाची श्रोती आहे. तीन ते सहा वयोगटाच्या अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षणात मात्र ती नाही. मूल पोहोचविणे आणि परत नेणे एवढेच तिचे काम. जवळजवळ अर्धशतकभर ज्या व्यवस्थेने आईला घेणारी व ऐकणारी मानले, तीच व्यवस्था आता तिला सक्षम करू पाहत आहे.

कायद्याची स्थितीही याहून वेगळी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. परंतु हा हक्क सहा ते चौदा वयोगटापुरता आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. परिणामी पहिलीतील मुलाच्या आईला समितीत कायद्याने जागा आहे. तिच्याच चार वर्षांच्या धाकट्याच्या अंगणवाडीत तशी नाही. तेथे समित्या असतात, पण त्या शासकीय आदेशांवर उभ्या असतात. माता गटाच्या बैठकीत टाळ्या वाजवून कृती करणारी आई अंगणवाडी किती वाजता उघडावी हे ठरवू शकत नसेल, तर ‘सक्षमीकरण’ या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागेल.

खेळ मुळात कोणाचा?

खेळातून शिक्षण हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रातून आला असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. ‘किंडरगार्टन’ हे नाव १८४० मध्ये देणाऱ्या फ्रोबेलने १८४४ मध्ये आईने बाळाबरोबर खेळावयाच्या गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. साध्या घरांतील माता आपल्या तान्ह्यांशी सहज जे खेळत, त्याच्या निरीक्षणातून त्याला ही दिशा सापडली होती. म्हणजे या शास्त्राच्या उगमाशी आई शिकणारी नव्हती, शिकविणारी होती. पुढे शास्त्राची पुस्तके झाली, पुस्तकांचे प्रशिक्षण झाले, प्रशिक्षणाची कार्डे झाली, आणि ती कार्डे घेऊन आपण आईकडे परत आलो.

मराठी मुलखातील आईजवळ काय आहे? बाळाच्या तळहातावर मोर बसविण्याचा खेळ आहे, मांडीवरचा घोडा आहे, भातुकली आहे, चिंचोके आहेत. सागरगोट्यांचा विचार केवळ उदाहरणादाखल करू. पाच गोटे. एक वर उडवायचा आणि तो खाली येण्याआधी जमिनीवरचे चार उचलायचे. आधी एकेक करून, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चार या संख्येची जी विविध विभाजने पहिलीच्या पुस्तकात चौकटी आखून शिकविली जातात, ती येथे बोटांना पाठ होतात. त्याखेरीज डोळा व हात यांचा मेळ, पाळी सांभाळणे आणि हरणे सोसणे हेही आहेच. मुलगी हा खेळ थोरल्या बहिणीकडून शिकते, बहीण आईकडून. कोणत्याही अहवालात त्याची नोंद ‘संख्यापूर्व कृती’ अशी होत नाही, कारण तो कार्डावर छापलेला नाही.

भाषेच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभारलेल्या संकलनात ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. जात्याच्या खुंट्याशी एक हात आणि मांडीवर मूल अशा स्थितीत ही रचना होत असे. ज्या मुलाच्या कानांवर यमक, लय आणि उपमा रोज पहाटे पडत, त्याच्या भाषिक घडणीला आपण ‘साक्षरतापूर्व’ म्हणावे की आणखी काही, हा अभ्यासकांनी ठरवावयाचा प्रश्न आहे. जाते गेले, गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. ते पुन्हा आणावे असे कोणी म्हणणार नाही.

मग ही आई स्वतःच्या खेळाला शिक्षण का मानत नाही? प्रस्तुत लेखिकेला एका अंगणवाडीच्या दारात एका आईने विचारलेला प्रश्न अद्याप आठवतो : “म्याडम, पोरगं नुसतं खेळतंय, हितं काय शिकवत्याती का न्हाई?” हा प्रश्न अज्ञानातून आलेला आहे असे मानणे सोपे आहे. परंतु त्या आईने जग पाहिले आहे. अक्षर न आल्याने अंगठा उठवावा लागल्याचा अनुभव तिच्या घरात आहे. शेजारच्या गावातील इंग्रजी शाळेच्या गाडीतून जाणारी मुले वहीभर अक्षरे गिरवून येतात, हे ती रोज पाहते. प्रवेशाच्या वेळी मुलाला काय विचारले जाते, हेही तिला ठाऊक आहे. तिची वहीची मागणी ही तिने केलेली हिशेबी निवड आहे. तिला ‘मुलाला खेळू द्या’ असे सांगताना ज्या शाळांनी ही भीती निर्माण केली त्यांना काही न सांगणे अन्यायाचे होईल.

दुसरे कारण सांस्कृतिक आहे. मराठी मनातील आदर्श आई संस्कार करणारी आहे, खेळणारी नव्हे. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने ही प्रतिमा घराघरांत रुजविली. पोहायला जाण्याच्या भीतीने लपलेल्या श्यामला मार देऊन विहिरीवर धाडणारी ती आई मोठीच आहे. पण मुलाबरोबर मांडी घालून डाव मांडणारी आई आपल्या साहित्यात शोधूनच काढावी लागते. खेळणे हे आजीचे, आत्याचे, थोरल्या ताईचे काम. वस्तुतः शेतीच्या घरात दिवसभर मुलाजवळ बहुधा आजी किंवा ताईच असते. असे असताना सर्व कार्यक्रमांनी ‘माता’ हा एकच शब्द धरून ठेवावा आणि वडिलांचा तर उल्लेखही ओझरता यावा, हे चिंत्य आहे.

वेळेचा प्रश्न

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया विनावेतन घरकामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत दोघांचेही काम थोडे घटले, अंतर मात्र अवघ्या एका मिनिटाने कमी झाले. कृतिकार्डावर ‘मुलासोबत खेळा’ असे छापताना ही वेळ कोणाच्या कोणत्या कामातून काढावयाची, याचा विचार झालेला दिसत नाही. कृती मोबाईलवर पाठविल्या जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचे प्रमाण ४६.६ टक्के होते. उरलेल्या मातांच्या घरी तो संदेश पतीच्या खिशात असतो.

या संदर्भात जमैकातील प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. किंग्स्टन येथील वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा तो अभ्यास होता. त्यांतील काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला एक तास जात, घरगुती टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत आणि आईबरोबर मुलाला खेळवीत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. आपल्याकडे यातून ‘टाकाऊपासून खेळणी’ एवढाच भाग उचलला जातो. दोन वर्षे दर आठवड्याला न चुकता दारी येणारी, त्याच कामासाठी वेतन घेणारी व्यक्ती हा त्यातील खर्चाचा, आणि बहुधा निर्णायक, भाग होता. तो खर्च टाळून कार्ड दिले की काम आईचे आणि अपयशही आईचे होते. मूल मागे राहिले तर ‘घरी सराव घेतला नाही’ ही नोंद तयारच असते.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून उचल घेऊन कारखान्याच्या भागात जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेथेच राहते. मुकादमाच्या वहीत आई ही अर्धा कोयता असते. पहाटेच्या अंधारात ती फडात जाते, मोळ्या बांधते, गाडी भरते. मूल उसाच्या पाचटाजवळ किंवा कोपीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत असते आणि ते स्वतः अड्ड्यावर असते. माता गटाची बैठक गावात भरते तेव्हा ही आई गैरहजर ठरते.

येथे कोसबाडची कुरणशाळा पुन्हा आठवावी लागते. मुले गुरांमागे जात होती म्हणून शिक्षिका कुरणावर गेली. गुरे सोडून या, असे कोणी म्हटले नाही. त्याच न्यायाने अड्ड्यावर हंगामी अंगणवाडी हवी. टोळीबरोबर निघणाऱ्या बायकांपैकीच एखादीला फडातील मजुरीइतके वेतन देऊन मुलांसाठी मागे ठेवता येईल. फडाच्या वेळेनुसार पहाटे चारला उघडणारी, धाकट्याबरोबर थोरल्या बहिणीलाही सामावून घेणारी अशी ती असावी. मातांशी बोलावयाचे तर बैठक कामाला सुटी असेल त्या दिवशी, कोपीच्या पुढ्यात व्हावी. पहिल्या बैठकीत कार्ड न वाटता तुम्ही लहानपणी काय खेळत होता एवढेच विचारावे, आणि जे सांगितले जाईल ते सेविकेने लिहून घ्यावे.