अनुस्पंदनाचा एक चुकीचा दाखला

शालेय पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत वर्तुळाकार गती, आंदोलने आणि अनुस्पंदन हे विषय बहुधा याच क्रमाने येतात. (अनुनाद हा शब्द येथे टाळला आहे; तो नादाशी फारच बांधला गेला आहे.) एकविध वर्तुळाकार गतीचा व्यासावरील प्रक्षेप म्हणजे सरल आवर्त गती, हे सुंदर प्रमेय एकदा सिद्ध केले जाते, आणि पुढे अनुस्पंदनाच्या विवेचनात, जेथे त्याची खरी गरज, तेथेच त्याचा विसर पडतो. मागे उरते एवढेच विधान की, बाह्य प्रेरणेची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेइतकी झाली म्हणजे आयाम अतिशय वाढतो. तो का वाढतो, याविषयी मौन.

या विधानाच्या पुष्ट्यर्थ अनेक पुस्तके टॅकोमा नॅरोज पुलाचा दाखला देतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातला हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कोसळला. वाऱ्याची लय पुलाच्या लयीशी जुळली, असे विद्यार्थ्यास सांगण्यात येते. परंतु त्या सकाळी ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यास स्वतःची अशी लय नव्हतीच. पुलाच्या कडांवरून आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांना वारंवारता असते हे खरे. पण त्या वेगास ती सेकंदाला १ च्या आसपास येते. पूल अखेरीस पीळ घेत होता तो ५ सेकंदांत एकदा. यात जुळले ते काय?

येथे वर्तुळाकडे परतावे लागते. विस्थापन आणि प्रेरणा या दोहोंसाठी फिरत्या त्रिज्या काढल्या, तर अनुस्पंदनाच्या वेळी प्रेरणेची त्रिज्या पाव फेरा पुढे असलेली दिसते. अर्थात प्रेरणा सतत वेगाच्याच दिशेने राहते आणि आंदोलकास एकसारखी ऊर्जा पुरविते. वारंवारतांची समानता ही या कलासंबंधाची केवळ बाहेरची खूण होय. टॅकोमाच्या पुलातही ऊर्जा वेगाशी समकल अशा प्रेरणेनेच शिरली. मात्र ती प्रेरणा पुलाच्या हालचालीतूनच उपजत होती. पुलाच्या दोन्ही कडांना सुमारे २.४ मीटर उंचीच्या भरीव पोलादी तुळया होत्या. पूल पिळला की त्यांवरील वाऱ्याचा दाब बदले, आणि त्या बदलाचा एक अंश पिळण्याच्या वेगास साथ देई. वारा एका मर्यादेपलीकडे गेला की हा अंश अवमंदनावर मात करतो, म्हणजे एकूण अवमंदनच ऋण होते. ही स्वयंप्रेरित आंदोलने होत.

हा शोध नवा नाही. आमान, फॉन कारमान आणि वुड्रफ यांच्या १९४१ च्या चौकशी अहवालाने भोवऱ्यांशी अनुस्पंदन हे कारण असंभवनीय ठरविले होते. पुढे ५० वर्षांनी, १९९१ साली, बिल्ला आणि स्कॅनलन यांना ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये पाठ्यपुस्तकांतील हाच दोष पुन्हा सविस्तर दाखवावा लागला. चित्रफीत प्रेक्षणीय असली की दाखल्याची चिकित्सा होत नाही, हेच खरे.

पुलाचाच दाखला हवा असेल तर मँचेस्टरजवळील ब्रॉटनचा पूल घ्यावा. १८३१ साली तो सैनिकांच्या एकताल पावलांखाली कोसळला. ती लय पुलाच्या हालचालीतून उपजलेली नव्हती. सैनिकांनी ती आपल्याबरोबर आणली होती. त्या पुलाचा एक बोल्टही सदोष होता, हे मात्र विद्यार्थ्यापासून लपवू नये.