हिरड्यांतील अमीबा : कारण की सहचर?

रोगग्रस्त जागी एखादा जीव सापडला की तोच रोगाचे कारण होय, असे मानण्याचा मोह परजीवीविज्ञानात वारंवार झालेला दिसतो. एन्टअमीबा जिंजिव्हॅलिस हे त्याचे बोधप्रद उदाहरण आहे. ग्रॉस याने १८४९ मध्ये दातांवरील कीटणात हा आदिजीव प्रथम पाहिला. मानवी शरीरात आढळलेला हा पहिलाच अमीबा. त्याची पुटी-अवस्था ज्ञात नाही. साहजिकच त्याचा प्रसार मुख्यतः मुखसंपर्काने व उष्ट्या भांड्यांतून होतो, असे मानतात.

१९१४-१५ च्या सुमारास फिलाडेल्फियात स्मिथ व बॅरेट यांनी आणि न्यू ऑर्लिअन्स येथे बास व जॉन्स यांनी पायोरियाचे खापर याच अमीबावर फोडले व एमेटीनचा उपचार पुरस्कारिला. परंतु निरोगी हिरड्यांतही हा जीव आढळला, आणि एमेटीनने रोग हटेना. मग मत पालटून तो निरुपद्रवी सहभोजी ठरला. हा निर्णयही घाईचाच होता. सुजलेल्या हिरडीच्या ऊतीत शिरून हा अमीबा तेथील पेशींवर उपजीविका करतो व दाह वाढवू शकतो, असे बर्लिन येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले.

तथापि मूळ पेच सुटलेला नाही. या अमीबाच्या अन्नरिक्तिकांत श्वेतकोशिकांच्या केंद्रकांचे अवशेष आढळतात. श्वेतकोशिका दाहाच्या जागी गोळा होतात. अर्थात अमीबाची विपुलता हे दाहाचे कारण नसून परिणामही असू शकेल. केवळ उपस्थितीची टक्केवारी या दोहोंत निवाडा करू शकत नाही.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. येथील हजारो ऊसतोड कुटुंबे वर्षातील कित्येक महिने फडावर काढतात. तेथे दंतवैद्य दुर्मिळ, आणि दातांना मिसरी लावण्याची सवय मात्र रुळलेली. अशा वस्तीत केवळ रक्त येणाऱ्या हिरड्यांचे नमुने तपासून काढलेला आकडा कार्यकारणाविषयी काहीच सांगणार नाही. एकाच मुखातील निरोगी व रोगट जागांची तुलना, मिसरीच्या वापराची नोंद आणि कीटण काढल्यानंतरची फेरतपासणी, या तीन गोष्टी कोणत्याही पाहणीत अनिवार्य होत. त्यांवाचून अमीबाला दोषी ठरविल्यास मजूर स्त्रीची मजुरी गोळ्यांवर खर्च होईल, आणि कीटण व मिसरी दोन्ही जागच्या जागी राहतील.